टू-स्ट्रोक सिलिंडरचे कोअर: बनवायचे कसे आणि जुळवायचे कसे

फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह उघडायला कॅमशाफ्ट, रॉकर, स्प्रिंग असा सगळा लवाजमा लागतो. टू-स्ट्रोकमध्ये तेच काम सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट आणि त्यांच्यासमोरून वरखाली होणारा पिस्टन करतात. पोर्ट कुठे आहे, किती उंचीवर उघडतो आणि त्यातून येणारा चार्ज (हवा-इंधनाचं ताजं मिश्रण) कुठल्या दिशेने बाहेर पडतो, यावर इंजिन ओढेल की नुसता धूर काढेल हे ठरतं. हे पोर्ट आणि त्यांच्यामागच्या वळणदार वाटा ओतकामात कोअरनेच, म्हणजे साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यानेच घडतात.

अ‍ॅल्युमिनियम ओतायची सवय आहे, साधा दोन भागांचा साचा जमतो, पण एकमेकांत अडकणारे सहा-सात कोअर कधी केलेले नाहीत, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. पोर्टची खिडकी, म्हणजे बोअरमध्ये (पिस्टन फिरतो त्या नळीत) दिसणारं तोंड, नंतर ग्राइंडरने किंवा कानशीने दुरुस्त करता येतं. त्यामागच्या वाटेची दिशा आणि छताचा कोन मात्र नंतर हाताला लागत नाही. त्यामुळे पुढची सगळी मेहनत वाटांसाठी आहे, आणि त्यातही डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी येण्यासाठी.

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू: ५४ मिमी बोअर, ५४.५ मिमी स्ट्रोक, ११० मिमी कनेक्टिंग रॉड, म्हणजे नेहमीचं १२५ सीसी. ताजा चार्ज आत आणणारे पाच ट्रान्सफर पोर्ट (दोन मुख्य, दोन सहायक, एक मागचा बूस्ट) आणि जळका वायू बाहेर सोडणारा एक एक्झॉस्ट पोर्ट. क्रँकच्या एका फेरीत एक्झॉस्ट १९६ अंश उघडा, ट्रान्सफर १३० अंश.

चुकीची किंमत किती?

कोअर किती अचूक हवा, हे आधी आकड्यात बघा. या इंजिनात एक्झॉस्टचं छत टीडीसीपासून (पिस्टनच्या सर्वात वरच्या जागेपासून) साधारण २६.८ मिमी खाली येतं आणि ट्रान्सफरचं ४१.६ मिमी. एक्झॉस्ट उघडतो त्या ठिकाणी पिस्टन क्रँकच्या दर अंशाला जवळपास अर्धा मिलिमीटर सरकतो. म्हणजे छत अर्धा मिमी वर गेलं, तर पोर्ट एक अंश आधी उघडतो आणि एक अंश उशिरा बंद होतो. एकूण फरक दोन अंशांचा. ट्रान्सफरच्या जागी पिस्टनचा वेग कमी झालेला असतो, त्यामुळे तिथे तेवढ्याच अर्ध्या मिमीला अडीच अंशांहून जास्त फरक पडतो.

हा फरक सगळीकडे सारखा पडला तर फार बिघडत नाही. सिलिंडरखाली पातळ-जाड गास्केट घालून तो बराचसा सावरता येतो. खरा घात होतो डावा ट्रान्सफर एका उंचीवर आणि उजवा दुसऱ्या उंचीवर गेला की. १९२० च्या दशकात अडॉल्फ श्न्युर्ले यांनी जी लूप स्कॅव्हेंजिंगची पद्धत आणली, तिच्यात दोन्ही बाजूंचे झोत एक्झॉस्टच्या विरुद्ध भिंतीकडे जातात, तिथे एकमेकांना भिडून वर चढतात आणि हेडखाली वळून जळका वायू बाहेर ढकलतात. एक झोत आधी सुटला किंवा थोडा वेगळ्या कोनात सुटला, तर हा स्तंभ एका बाजूला कलतो. मग ताजा चार्ज थेट एक्झॉस्टमधून निसटतो आणि दुसऱ्या बाजूला जळका वायू तसाच कोंडून राहतो. म्हणून मी नवख्या माणसाला सांगतो: उंचीत अर्धा मिमी चुकला तर चालवून घ्या, डाव्या-उजव्यात पाव मिमीचा फरक आला तर तो कोअर फोडून टाका.

सगळ्यांचा पाया एकच

प्रत्येक कोअरला साच्यात स्वतंत्र जागा द्यायची आणि एकेक करून बसवायचा, ही पद्धत इथे चालत नाही. सहा कोअर सहा ठिकाणी टेकले की सहा चुका जमा होतात. त्याऐवजी सगळे कोअर एकाच पायावर उभे करा, साच्याबाहेर जोडा, मोजा, आणि तयार झालेलं पॅकेट उचलून साच्यात ठेवा.

हा पाया म्हणजे बेस कोअर: एक जाड चकती, जिच्या वरच्या सपाट पृष्ठावर सिलिंडरचा क्रँककेसकडचा फेस तयार होतो. तिच्या मधोमध बोअर कोअर बसायला गोल खाच, भोवती ट्रान्सफरचे पाय बसायला खाचा, आणि कडेला एक सपाट काप, म्हणजे साच्यात चकती फिरणार नाही. उंची मोजायची ती या पृष्ठापासून, अंतर मोजायचं ते बोअरच्या अक्षापासून आणि कोन मोजायचा तो एक्झॉस्टच्या मध्यरेषेपासून. चौथा संदर्भ वापरायचा नाही. ड्रॉइंगवर एखादं माप हेडकडून दिलेलं असेल तर ते आधी बेसकडून बदलून लिहा आणि मगच कोअर बॉक्स (कोअर घडवायचा साचा) करायला घ्या.

बोअर कोअर कसा तोडायचा

ट्रान्सफरच्या वरच्या टोकाला बोअर कोअरमध्ये आधार लागतो. त्यासाठी बोअर कोअरच्या अंगावर खाचा हव्यात. एकसंध बोअर कोअरमध्ये पाच बाजूंनी आत जाणाऱ्या खाचा करायच्या म्हणजे बॉक्सला पाच सरकते तुकडे लागतात. जमतं, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

सोपा मार्ग असा: बोअर कोअर आडवा तोडून त्याचे थर करायचे. खालच्या थराच्या वरच्या तोंडाला, वरून उघड्या अशा खाचा ठेवायच्या. ट्रान्सफर कोअरची शेपटी त्या खाचेत वरून उतरते आणि वरचा थर तिच्यावर झाकणासारखा बसतो. शेपटी खिडकीच्या आत गेल्यावर थोडी रुंद करा, इंग्रजी टी अक्षरासारखी. मग ती बाहेर ओढली जात नाही. शेपटीचा माथा सपाट ठेवा, म्हणजे सगळ्या ट्रान्सफरची उंची एकाच प्रतलावरून ठरते. एक्झॉस्ट वर उघडतो म्हणून त्याच्यासाठी आणखी एक थर लागेल. तीन थर झाले तरी घाबरू नका. मधल्या भोकात नळी घालून ते एका रेषेत आणणं सोपं आहे.

बोअर कोअर आतून पोकळच करा. वजन कमी होतं, गॅस निघायला मोठी वाट मिळते आणि धातू आकसताना कोअर आतल्या आत ढासळू शकतो. भरीव कोअर आकसणाऱ्या धातूला अडवतो, आणि दोन पोर्टमधल्या बारीक पट्टीला तडा जातो.

अलाउन्स: इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

अलाउन्स म्हणजे मशिनिंग आणि आकुंचनासाठी मापात ठेवायचा फरक. बोअर मशीन करायचा आहे, म्हणून बोअर कोअर ५४ ऐवजी ५० मिमी व्यासाचा घ्या. त्रिज्येत २ मिमी मटेरियल राहतं. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पुढचं सुटतं ते असं: ट्रान्सफरची वाट बोअरकडे येताना वर चढत असते. छताचा कोन १५ अंश असेल तर त्या २ मिमीत छत अर्ध्या मिमीहून थोडं जास्त चढतं. म्हणजे तुम्ही कोअरवर जी खिडकीची उंची मोजाल, ती बोअर मशीन झाल्यावर अर्धा मिमी खाली दिसेल. बूस्ट पोर्ट तर ५५ अंशांच्या आसपास उभा असतो. तिथे हाच फरक जवळपास ३ मिमी होतो.

उपाय ड्रॉइंगवरच करायचा. खिडकीची उंची नेहमी ५४ मिमीच्या तयार बोअरवर ठरवा आणि तिथून वाट त्याच कोनात, सरळ रेषेत, आत ५० पर्यंत वाढवा. या शेवटच्या तुकड्यात वळण किंवा निमुळतेपणा आणू नका. आणला, तर बोअर किती खोल गेला त्यावर खिडकीचा आकार बदलत राहतो.

खिडक्या चारही बाजूंनी ०.५ मिमी लहान ओता. शेवटचा आकार हाताने किंवा ईडीएमने (विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या यंत्राने) द्या.

आकुंचनाचं बघा. अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू मोकळेपणी सुमारे १.३ टक्के आकसतो. आत कोअर भरलेले असले की जरा कमी, १ टक्क्याच्या आसपास. पहिल्या खेपेला १.२ धरा आणि कास्टिंग मोजून दुरुस्त करा. संगणकावर मॉडेल करत असाल तर सगळे कोअर एकत्र ठेवून एकाच बिंदूभोवती मोठे करा, तो बिंदू म्हणजे बेस फेस आणि अक्ष जिथे छेदतात तो. प्रत्येक कोअर त्याच्या स्वतःच्या मध्याभोवती मोठा केला तर प्रत्येकाचं माप बरोबर येतं पण जागा चुकते. बेसपासून ६५ मिमी उंचीवरचं छत जिथे ०.८ मिमी वर जायला हवं, तिथे ते जवळपास जागचं हलत नाही, आणि मग बॉक्सच्या कारागिराला बोल लागतो.

कोअर बॉक्स

बोअर आणि बेस कोअरचे बॉक्स साधे आहेत. लाकूड, एमडीएफ, अ‍ॅल्युमिनियम, काहीही चालेल. ट्रान्सफरचा बॉक्स मात्र डोकं खातो, कारण वाट दोन प्रतलांत वळते. पार्टिंग लाइन सपाट ठेवायचा हट्ट सोडा. वाटेच्या बाहेरच्या आणि आतल्या कडेवरून ती वळत जाऊ द्या. आतल्या बाजूला कोअर अडकत असेल तर तिथे एक सुटा तुकडा ठेवा, जो कोअरबरोबर बाहेर येतो आणि मग बाजूला सरकवून काढता येतो. ड्राफ्ट (कोअर सुटावा म्हणून भिंतींना द्यायचा उतार) १ ते २ अंश पुरे.

थ्रीडी प्रिंट केलेले बॉक्स सिलिकेटच्या थंड कोअरसाठी उत्तम चालतात. प्रिंटच्या थरांच्या रेषा मात्र घासून, इपॉक्सी किंवा लाखेचा हात देऊन पूर्ण बुजवा, वर मेण लावा. नाहीतर वाळू त्या रेषांत दात रोवते आणि कोअर निघताना कडा घेऊन येतो. पीएलएचे बॉक्स उष्णतेपासून लांब ठेवा. ६० अंशांपाशी ते मऊ पडतात आणि उन्हात ठेवलेला बॉक्ससुद्धा वाकतो.

डाव्या-उजव्या ट्रान्सफरचे दोन बॉक्स एकाच मॉडेलच्या आरशातल्या प्रतिमेवरून करा, वेगवेगळे हाताने कोरू नका. आणि दोघांच्या पायाच्या खाचेचा आकार वेगळा ठेवा: एकाला एक टोक, दुसऱ्याला दोन. घाईत डावा कोअर उजवीकडे बसूच नये, अशी सोय बॉक्समध्येच हवी.

वाळू आणि बाइंडर

सुरुवात सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडने करा. कोरडी, धुतलेली सिलिका वाळू, बारीकपणा एएफएस (वाळूच्या बारीकपणाचा क्रमांक) ६० ते ७०. वजनाने १०० भाग वाळूला साडेतीन ते चार भाग सिलिकेट. वाळूत ओल राहिली तर सगळं बिघडतं, त्यामुळे शंका आली की तापवून, गार करून मगच वापरा. मिश्रण हातात दाबलं की गोळा झाला पाहिजे आणि बोट लावलं की सुटला पाहिजे. उरलेलं मिश्रण लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेही ते हळूहळू धरतं.

सिलिकेटचा दोष असा की ओतल्यावर कोअर फुटायला चिवट जातो. अरुंद ट्रान्सफरमधून तो खरवडून काढणं जिवावर येतं. मिश्रणात टक्काभर साखर घातली की ती उष्णतेने जळते आणि कोअर नंतर सहज मोडतो.

शेल सँड हा दुसरा पर्याय. रेझिनचा लेप असलेली वाळू, २३० ते २८० अंशांवर तापलेल्या धातूच्या बॉक्समध्ये धरते. पृष्ठभाग गुळगुळीत, ताकद भरपूर, महिनोन्‌महिने टिकते आणि ओतल्यावर भुसभुशीत होऊन पडते. ट्रान्सफरसाठी माझा कौल शेललाच आहे, पण त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा बॉक्स मशीन करावा लागतो, आणि बॉक्सचा आकार अजून बदलायचा असताना तो खर्च करू नये. आकार पक्का झाला की शेलकडे वळा.

सिलिकाची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, कणांसाठीचा मास्क लावा. कोअर घासताना आणि कास्टिंगमधून वाळू काढताना तर नक्कीच. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तेव्हा बंद खोलीत गॅसिंग (वाळूत हा वायू सोडून कोअर धरवणं) नको.

ट्रान्सफर कोअर भरताना

बॉक्सचे दोन्ही भाग पकडून पायाच्या तोंडाकडून वाळू भरायला सुरुवात करा. एकदम ओतू नका. चिमूट-चिमूट टाकून बारीक काडीने कोपऱ्यांत, विशेषतः शेपटीच्या कडांत दाबा. तिथे पोकळी राहिली तर बाहेरून दिसत नाही आणि जुळवणीच्या वेळी शेपटीच तुटते.

अर्धी वाळू भरली की मधोमध तार ठेवा. दीड मिमीची, तापवून मऊ केलेली लोखंडी तार, वाटेच्या वळणाप्रमाणे आधीच वाकवलेली. ती कुठेही पृष्ठभागापासून ३ मिमीपेक्षा जवळ येऊ नये, आणि तिचं एक टोक पायातून बाहेर राहिलं पाहिजे. ओतल्यानंतर तार त्या टोकाला धरून वळणातून ओढून काढायची असते. तारेला आकडा किंवा पीळ दिला तर ती कास्टिंगमध्येच मुक्काम ठोकते.

तारेशेजारीच व्हेंटसाठी (गॅस बाहेर जायच्या वाटेसाठी) मेणाचा दोरा ठेवा, शेपटीच्या जवळून सुरू होऊन पायापर्यंत. कोअर थोडा तापवला की मेण वाळूत जिरतं आणि पोकळ नळी उरते. सरळ कोअरमध्ये नुसती नायलॉनची दोरी ठेवून कोअर धरल्यावर ओढून काढली तरी चालते.

गॅसिंग थोडक्यात करा. कमी दाबाने, दोन-तीन ठिकाणांहून, प्रत्येकी पाच-सात सेकंद. जास्त गॅस दिला की कोअर आणखी घट्ट होईल असं वाटतं, पण होतं उलटं. पृष्ठभागावर पांढरी पूड येते आणि कडा बोटाने झडू लागतात. योग्य धरलेल्या कोअरवर नख ओढलं तर पुसट ओरखडा उठतो, वाळू सुटत नाही.

बाहेर काढल्यावर पार्टिंगची कड बारीक कानशीने एकाच दिशेने घासा. मग कोअर गेजमध्ये घालून बघा. हे गेज म्हणजे वाटेच्या आकाराचा, ०.२ मिमी मोठा कापलेला पत्र्याचा किंवा प्रिंट केलेला साचा, तीन ठिकाणच्या छेदांसाठी तीन. कोअर त्यातून गेला पाहिजे, खडखडता कामा नये. डावे-उजवे कोअर पाठीला पाठ लावून उजेडात धरा. फरक असेल तर डोळ्याला लगेच दिसतो.

वॉश (कोअरवरचा संरक्षक लेप) लावायचा असेल तर स्पिरिटमध्ये कालवलेला झिर्कॉन वॉश, पातळ, एकच हात, आणि लगेच पेटवून वाळवा. पाण्यातला वॉश सिलिकेटला कमकुवत करतो. वॉशचा थर ०.१ ते ०.२ मिमी जाडी वाढवतो, म्हणून शेपटी आणि पाय यांना तो लागू देऊ नका. लागला तर खाचेत बसणार नाहीत, आणि दाबून बसवायला गेलात तर तुटतील.

सिलिकेटचे कोअर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वापरा. ते हवेतली ओल ओढतात, आणि ती ओल पुढे वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन सोडते.

जिगवर जुळवणी

जिग म्हणजे एक सपाट प्लेट, मधोमध उभा पिन, आणि एक्झॉस्टची दिशा दाखवणारी कोरीव रेषा. बेस कोअर पिनवर उतरवा, त्याचा सपाट काप रेषेशी जुळवा. त्यावर बोअर कोअरचा पहिला थर. इथे गोंद लावण्याआधी हाइट गेजने थराचं वरचं तोंड चार ठिकाणी मोजा. चार आकड्यांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर खाली वाळूचा कण अडकलेला असतो. दहातल्या नऊ वेळा तेच असतं. उचला, फुंकर मारा, परत ठेवा.

आता ट्रान्सफर. प्रत्येक कोअर दोन ठिकाणी टेकतो: वर शेपटी, खाली पाय. दोन्ही ठिकाणी घट्ट बसवायचा प्रयत्न केलात तर एक तरी बसत नाही. नियम असा ठेवा, की वर घट्ट, खाली मोकळं. शेपटीच्या खाचेत ढिल ०.१ मिमी. पायाच्या खाचेत उभ्या दिशेने ०.३ मिमी, पण आडव्या दिशेने कमी. कारण खिडकीची उंची शेपटी ठरवते, आणि वाटेचा तिरपेपणा पायाच्या आडव्या जागेवरून ठरतो. खालची उभी फट पेस्टने भरून येते. थोडा धातू शिरलाच तरी तो बेस फेस मशीन करताना निघून जातो.

आधी सगळं गोंदाशिवाय लावून बघा. बूस्ट पहिला, मग दोन्ही सहायक, मग मुख्य. म्हणजे हात घालायला जागा राहते. वरचा थर ठेवा आणि तो हलतो का बघा. हलत असेल तर एखादी शेपटी खाचेबाहेर आली आहे. कुठली, हे ओळखायला थराच्या सांध्यात फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) फिरवा. उंच शेपटीच्या दोन्ही अंगांना फट मोठी होत जाते.

गोंद म्हणून सिलिकेटमध्ये कालवलेली बारीक टाल्क पूड पुरते. लावायचा तो खाचेच्या तळाला, ठिपक्या-ठिपक्यांनी. सांध्याला भरपूर थापला तर दोन गोष्टी होतात: कोअर त्या जाडीने वर उचलला जातो, आणि व्हेंटचं तोंड बुजतं. दुसरी गोष्ट ओतल्यावरच कळते, पोर्टच्या छतात मोठा फुगा घेऊन. प्रत्येक कोअर चिकटवण्याआधी व्हेंटच्या नळीत फुंकून वाट मोकळी असल्याची खात्री करा.

गोंद ओला असतानाच टेम्प्लेट लावा. टेम्प्लेट म्हणजे बोअर कोअरच्या गोलाईवर वाकणारा पातळ, अर्धा पट्टा, बेस कोअरवर उभा राहणारा, ज्यात अर्ध्या बाजूच्या ट्रान्सफरच्या खिडक्यांची छतं कोरलेली आहेत. तो डावीकडे लावा, मग आतली बाजू बाहेर करून उजवीकडे. एकच टेम्प्लेट दोन्हीकडे वापरल्यामुळे टेम्प्लेटमधली चूक डाव्या-उजव्यात फरक पाडू शकत नाही, आणि हाच त्याचा खरा उपयोग. दोन टेम्प्लेट केले की हा फायदा गेला.

एक्झॉस्ट शेवटी. तो आडवा असतो, एक टोक बोअर कोअरमध्ये आणि दुसरं साच्याच्या भिंतीत. जिगवर त्याच्या बाहेरच्या टोकाखाली ठोकळा ठेवून उंची जुळवा आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. वरचा थर बसला की मधल्या भोकातून सळई घालून नटने हलकेच आवळा. हलकेच; वाळू दाब सहन करते, पण वाकडा दाब नाही.

पॅकेट १०० ते १२० अंशांवर तासभर वाळवा आणि गार झाल्यावर सगळी मापं पुन्हा घ्या. तुमच्या वहीत लिहिण्याजोगी मापं ही आहेत. आधीची नाहीत.

पाण्याने थंड होणाऱ्या सिलिंडरला वॉटर जॅकेटचा कोअर या पॅकेटभोवती येतो. तो हेडच्या बाजूने, उघड्या तोंडाच्या आधारावर टांगा, आणि जॅकेट व ट्रान्सफर यांच्यामध्ये किमान ४ मिमी भिंत ठेवा. तिथे धातूचे आधार, म्हणजे चॅपलेट, घालायचा मोह होतो. घालू नका. अ‍ॅल्युमिनियममध्ये ते नीट एकजीव होत नाहीत आणि तिथूनच पाणी झिरपतं.

साच्यात ठेवताना

पॅकेट सळईला धरून उचलायचं, कोअरला धरून नाही. बेस कोअर खालच्या पेटीतल्या खाचेत बसतो. एक्झॉस्टच्या बाहेरच्या टोकाला साच्यात बाजूंनी आणि वरखाली पकड हवी, पण लांबीच्या दिशेने ०.३ मिमी मोकळीक ठेवा. ती नसेल तर साचा बंद करताना एक्झॉस्ट कोअर आत ढकलला जातो आणि अख्खं पॅकेट अक्षावरून सरकतं.

बंद करण्याआधी भिंतींची जाडी तपासायची जुनी युक्ती आहे. शंकेच्या जागी मऊ मातीच्या लहान गोळ्या चिकटवा, साचा बंद करा, उघडा आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. एका बाजूला ५ मिमी आणि समोर ३ मिमी आलं, तर पॅकेट एक मिमी सरकलेलं आहे. गोळ्या मोजून झाल्या की सगळ्या काढल्यात ना, हे मोजून बघा.

कोअर बुडेल याची नव्हे, तरंगेल याची काळजी करायची असते. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमची घनता साधारण २.४ आणि कोअरची १.६ च्या आसपास, म्हणजे धातूत बुडालेल्या दर १०० घनसेंटिमीटर कोअरला ८० ग्रॅमचा रेटा वरच्या दिशेने. आकडा किरकोळ वाटतो, पण तो एक्झॉस्टच्या मानेवर, धातू तापलेला असताना आणि वाहत्या झोतासकट पडतो. वरच्या पेटीने बोअर कोअरचं डोकं दाबून धरलं पाहिजे, आणि एक्झॉस्टच्या टोकावरही वरून पकड हवी.

व्हेंट शेवटपर्यंत बाहेर जातात ना बघा: ट्रान्सफरचा गॅस पायातून बेस कोअरमध्ये, तिथून खालच्या पेटीच्या बाहेर, बोअरचा गॅस वरून. मध्येच संपणारा व्हेंट नसल्यातच जमा.

ओतणं आणि काढणं

एएल-एसआय-७-एमजी जातीचा धातू, म्हणजे ए३५६ किंवा एलएम२५, ७०० ते ७३० अंशांवर, डीगॅस करून, खालून गेटिंग आणि फिल्टर लावून ओता. रायझर हेडच्या जाड बाजूवर. धातूची धार थेट ट्रान्सफर कोअरवर पडू देऊ नका.

वाळू काढताना आधी तारा ओढा, मग हलके ठोके. टी६ उष्णतोपचार करणार असाल तर ५४० अंशांवरून पाण्यात बुडवतानाच उरलेला बराचसा कोअर सुटतो. कॉस्टिक सोड्याने वाळू सोडवण्याचा सल्ला लोखंडाच्या कास्टिंगसाठी ठीक आहे. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक खातो.

पहिलं कास्टिंग कापायचंच

कितीही छान दिसत असलं तरी पहिलं कास्टिंग मशीन करू नका, करवतीखाली घाला. एक काप ट्रान्सफरच्या खिडक्यांच्या मध्यावर आडवा, मग दोन्ही तुकडे एक्झॉस्ट आणि बूस्टच्या मध्यातून उभे. आडव्या कापात दोन्ही बाजूंच्या वाटा कागदावर शाई लावून छापून घ्या, कागद मध्यरेषेवर दुमडा आणि उजेडावर धरा. छापे एकमेकांवर बसले पाहिजेत. उभ्या कापात बूस्टचा कोन, भिंतींची जाडी आणि छतातले फुगे दिसतात.

मग बेस फेसपासून छतांची उंची मोजून वहीतल्या पॅकेटच्या मापांशी ताडा. सगळ्या उंच्या एकाच प्रमाणात कमी आल्या असतील तर तो आकुंचनाचा आकडा, मॉडेलमध्ये बदला. एकच पोर्ट वेगळा आला असेल तर त्याची शेपटी ढिली होती. सगळे पोर्ट एका दिशेला सरकले असतील तर पॅकेट साच्यात सरकलं, आणि बघायची जागा एक्झॉस्टच्या बाहेरच्या टोकाची फट. दुरुस्ती बॉक्समध्ये किंवा खाचेत करा, कोअर हाताने घासून कधीच नाही. घासलेला कोअर एकदाच बरोबर येतो, पुढच्या कास्टिंगला तीच चूक परत हजर असते. दुसरं कास्टिंग याच मापांवर उतरलं की बोअर मशीनला लावा.